व्याख्यान खदिजांवर, निरोप हमीदा आपांचा

व्याख्यानाला मला बहुधा ठरलेल्या वक्त्याचा घसा बसल्यावरच बोलावतात. आर्वीचं आमंत्रण तसंच आलं. नागपूरचे कोणी प्राध्यापक येणार होते, त्यांचा घसा बसला, आणि फोनवरच्या गृहस्थांनी मला मोकळेपणानं सांगितलं, "मॅडम, फलक छापून झाले आहेत. आता कोणी तरी पाहिजेच." विषय होता ‘हजरत खदिजा : जीवन आणि वारसा’. मी पुण्यात कॉलेजात इतिहास शिकवत असे आणि अरबस्तानातल्या जुन्या काफिल्यांच्या वाटा हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. निवृत्तीनंतर त्या वाटांबद्दल ऐकायला घरात कोणी तयार नसतं. मी लगेच हो म्हटलं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. खदिजा मक्केतल्या मोठ्या व्यापारी. विधवा होत्या. त्यांचा माल उंटांवरून शामला, म्हणजे आजच्या सीरियाकडे जायचा. अशा एका खेपेवर त्यांनी मुहम्मद नावाच्या, सचोटीबद्दल नाव असलेल्या तरुणाला पाठवलं. तो परत आला, हिशेब चोख दिला, आणि खदिजांनी आपणहून लग्नाचा विषय काढला. ते त्यांच्याहून वयानं लहान होते. परंपरा खदिजांचं तेव्हाचं वय चाळीस सांगते, काही अभ्यासक कमी धरतात. पुढे पैगंबरांना डोंगरातल्या गुहेत पहिला साक्षात्कार झाला, ते थरथरत घरी आले, तेव्हा त्यांना पांघरूण घालणाऱ्या, धीर देणाऱ्या आणि सगळ्यांच्या आधी विश्वास ठेवणाऱ्या ह्याच. मक्केत पैगंबरांच्या आप्तांवर बहिष्कार पडला तेव्हा आपली सगळी पुंजी त्यांनी त्यांच्यासाठी ओतली. अशा बाईवर बोलायचं म्हणून मी नकाशे काढले, त्यांच्या पडद्यावर दाखवायच्या पाट्या बनवल्या आणि रेल्वेनं वर्ध्याला उतरले.

आर्वी

वर्ध्याहून आर्वीची एसटी आंजीवरून जाते. थंडी सरत आली होती. कापसाच्या शेवटच्या वेचणीचं पांढरं झाडांवर चुकारपणे राहिलं होतं, आणि शेताशेतांत कापलेल्या तुरीच्या पेंढ्या उभ्या होत्या. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी न विचारता माझ्या ओंजळीत ओल्या तुरीच्या शेंगा ओतल्या. पुण्यात कोणी प्रवासात अनोळखी माणसाला शेंगा दिल्या तर तो आधी पिशवी सांभाळतो.

आर्वीच्या डेपोवर माझ्या स्वागताला समितीचे अध्यक्ष हाजीसाहेब स्वतः आले होते. पांढरी दाढी, करडी शेरवानी, हातात झेंडूचा घसघशीत हार. माझ्या पुढे एक चष्मेवाल्या बाई उतरल्या. हाजीसाहेबांनी त्यांच्या गळ्यात हार घातला, "आपण आलात, आमचं नशीब," म्हणाले आणि त्यांच्या हातातली पिशवी घेतली. बाईंनी हार नीट केला, पिशवी परत मागून घेतली आणि शांतपणे रिक्षात बसून निघून गेल्या. मला मग हात जोडून नुसता नमस्कार मिळाला.

माझी सोय हाजीसाहेबांच्या धाकट्या भावाच्या घरी होती. भाऊ काही वर्षांपूर्वी वारले. घर आणि घरामागची डाळ मिल त्यांच्या पत्नी चालवतात. त्या हमीदा आपा. चाळिशी ओलांडलेल्या, उंच, बोलणं कमी. डोक्यावरच्या ओढणीवर तुरीच्या भुशाची बारीक पिवळी पूड कायम. लहानमोठे सगळे त्यांना आपा म्हणतात, म्हणजे थोरली बहीण. मिलमधल्या बाया, मोंढ्यातले अडते, औषधाच्या दुकानातला म्हातारासुद्धा. फक्त एक माणूस त्यांना आपा म्हणत नव्हता. तो रशीद. आपांची डाळ टेम्पोतून अमरावती-नागपूरला नेऊन विकणारा आणि गावोगाव तूर विकत घेणारा, आपांपेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान. तो त्यांच्याशी बोलताना नुसतं "तुम्ही" म्हणत होता. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. इतिहास शिकवणाऱ्यांना समोरचं दिसायला जरा वेळ लागतो.

रात्रीच्या जेवणाला माझ्यासाठी मुद्दाम मटण न घालता दुधीचा दालचा, म्हणजे डाळीतली आंबट भाजी, केला होता. आमच्याकडे "अजून वाढू का" असं विचारतात. आपा विचारत नव्हत्या, वाढत होत्या.

सभागृहात

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यक्रम. सभागृहाच्या दारावर मोठा फलक होता. हजरत खदिजांचं चित्र काढत नाहीत, ते योग्यच. पण त्यामुळे फलकावर जी जागा मोकळी राहिली तिचा समितीनं पुरेपूर फायदा घेतला होता. वरपासून खालपर्यंत पुरुषांचे फोटो, हात जोडलेले, मोबाइल कानाला लावलेले, एक तर गॉगल घातलेले. खदिजांचं नाव त्या सगळ्यांच्या मध्ये, बारीक अक्षरात.

मंचावरही तीच मंडळी. बायका समोर, मागच्या रांगांत. हिंदू बायकाही बऱ्याच आल्या होत्या, बचत गटांच्या, भाजीबागायतदारांच्या घरच्या. जेवण आपांच्या मिलच्या डाळीचं होतं, त्यामुळे आपा अर्धा वेळ मागे भट्टीपाशी.

प्रमुख पाहुणे एक स्थानिक पुढारी. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. ते उशिरा आले, पण एकदा आल्यावर जाईनात. त्यांनी खदिजाताई असा आदरानं उल्लेख करत सांगितलं, की ताईंनी एवढा व्यापार केला, पण घराकडे कधी दुर्लक्ष केलं नाही. आपल्या भगिनींनीही घर सांभाळून पापड लाटावेत, ताईंच्या नावानं आर्वीत एक सभागृह बांधू, आणि त्याचं भूमिपूजन आपल्याच हातून व्हावं अशी लोकांची इच्छा आहे. लोकांना ही इच्छा तेव्हाच कळली, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग हाजीसाहेब. माणूस बोलायला जबरदस्त. त्यांनी शामची वाट, काफिल्यांच्या घंटा, मक्केतलं ऊन डोळ्यांसमोर उभं केलं. "एक बेवा औरत," ते म्हणाले, "आणि तिनं स्वतः पैगाम पाठवला. समाजानं नावं ठेवली असतील. तिनं पर्वा केली नाही. माझ्या बहिणींनो, मुलींनो, हाच आपला वारसा आहे. हा वारसा घराघरांत गेला पाहिजे." त्यांचा आवाज भरून आला. मागच्या रांगांत बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझेही डोळे ओलावले, हे कबूल करते.

माझी पाळी आली तेव्हा वीज गेली. नकाशे पिशवीतच राहिले. जेवणाचा वास येऊ लागला होता, आणि भाऊसाहेबांनी मला हातानं ‘आवरा’ अशी खूण केली. तेव्हा मी वाटा, काफिले, व्यापार सगळं गाळून फक्त एक गोष्ट सांगितली. खदिजांनी लग्नाचा विषय कसा काढला ती. परंपरा सांगते, की त्यांनी आपली एक मैत्रीण, नफीसा, तिला पाठवलं. ती त्या तरुणाकडे गेली आणि लग्न का करत नाही म्हणून विचारलं. तो म्हणाला, माझ्याजवळ काय आहे. ती म्हणाली, आणि समजा तिकडूनच विचारणा झाली तर? एवढं सांगून मी खाली बसले. मग सत्कार झाले. जेवणाबद्दल हमीदा आपांचा सत्कार होता. त्या भट्टीपाशी असल्यामुळे त्यांच्या वतीनं शाल हाजीसाहेबांनी घेतली.

संध्याकाळी आपा मिलच्या ओट्यावर डाळ पाखडत बसल्या होत्या. त्यांनी मला शेजारी बसवलं आणि सुपाकडेच पाहत म्हणाल्या,

"मॅडम, नफीसाबीबीचं तुम्ही सांगतलं. इथे कोणी सांगत नाई ते. सारे म्हणतात निकाह झाला. कसा झाला ते खाऊन टाकतात."

मी म्हटलं, "कसा झाला, तेच तर महत्त्वाचं."

"व्हय ना." सूप थांबलं. "उद्या रशीद हिंगणीले तूर आणाले चालला. तुमाले बोरचं धरण पाह्यचं होतं म्हणत होत्या. त्याच्यासंगं जाजा."

"जाते की."

"अन् जाताना एक गोष्ट विचारजा त्याले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मी इथल्या कोन्या बाईले सांगतलं त दुपारपर्यंत डेपोत पोचते. तुम्ही परवा चालल्या पुण्याले. तुमी नफीसाचं चांगलं सांगता. मंग करूनबी दाखवा."

मी चाळीस वर्षं इतिहास शिकवला, पण इतिहासानं मला कधी कामाला लावलं नव्हतं. माझं पहिलं वाक्य असं निघालं, की हे जरा अनौपचारिक पद्धतीनं हाताळायला हवं. आपांनी ते ऐकून घेतलं आणि पुन्हा पाखडायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "नाई म्हणाला तर येऊन मले सांगू नका. नुसतं म्हणजा, धरण पाहून आली. मी समजून घेईन."

हिंगणीच्या वाटेवर

टेम्पोत मी आणि रशीद. बारकी मिशी, पांढराशुभ्र शर्ट, बोलण्यात कमालीचा नम्र. मी आंजीपर्यंत धीर गोळा केला. आंजीला चहा घेतला, त्यात आणखी गोळा केला. मग अगदी विद्यापीठीय बेतानं सुरुवात केली.

"रशीदभाऊ, पुढे काय ठरवलंय तुम्ही?"

"पुढे सेलू. मंग हिंगणी."

"तसं नाही. एकूण आयुष्यात."

त्यानं गंभीरपणे विचार केला. "टेम्पोचे टायर बदलाचे आहेत."

मी खिडकीबाहेर पाहू लागले. नफीसाला हे एवढं कठीण गेलं असेल असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. सेलूपर्यंत मी आणखी एकदा ‘जीवनातला सहवास’ या विषयावर बोलले. त्यानं आदरानं टेम्पोची गती कमी केली, म्हणजे मला नीट बोलता यावं.

हिंगणीला नारायणभाऊ आणि वच्छलाबाई यांचं घर. पिढ्यान् पिढ्या तिथलेच शेतकरी, रशीद दरवर्षी त्यांचीच तूर घेतो. अंगणात तुरीचा ढीग, ओसरीवर आमची पानं. ज्वारीची भाकर, भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर कच्च्या तेलाची धार, आणि ओल्या तुरीच्या दाण्यांची तिखटजाळ आमटी. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वच्छलाबाईंनी गूळ पुढे केला आणि मी बरी होते न होते तोच त्या रशीदकडे वळल्या.

"काऊन भाऊ, तुमी लगन काऊन करून नाई राह्यले? मागच्या साली विचारलं त म्हणे पाहू. काय पाहून राह्यले?"

रशीदचे कान लाल झाले. "पाहू," तो म्हणाला.

नारायणभाऊंनी बायकोला डोळ्यांनी दटावलं. मी मनातल्या मनात वच्छलाबाईंना साष्टांग नमस्कार घातला. ज्या विषयाला मी आंजीपासून घिरट्या घालत होते, त्यात त्या भाकर थापता थापता शिरल्या होत्या.

तूर पोत्यात भरायला मजूर दुपारनंतर येणार होते. तोवर धरण पाहून या, परत जाताना पोती भरू, असं ठरलं. धरणाच्या भिंतीवर वारा होता. पाणी खाली गेलं होतं, काठाला गाळाच्या पट्ट्या उघड्या पडल्या होत्या, आणि पलीकडे साग झडून जंगल तांबूस दिसत होतं. रशीद टेम्पोच्या फाळक्याची सैल झालेली दोरी पुन्हा बांधत होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि सगळी प्रस्तावना टाकून दिली.

"रशीदभाऊ, हमीदा आपांनी मला विचारायला सांगितलंय. त्यांच्याशी लग्न कराल का?"

तो दोरी बांधतच राहिला. गाठ बसली, ती त्यानं सोडली, पुन्हा बांधली.

"त्यायनं स्वतः सांगतलं?"

"स्वतः."

"त्यायनं म्हणजे, त्यायच्या तोंडानं?"

"मी समोर बसले होते."

तो फाळक्यावर हात ठेवून पाण्याकडे पाहत राहिला. "मले लय दिवसापासून वाटते. पण मी बोललो असतो त अख्खी आर्वी म्हणाली असती, मिल पाहून बोलला. म्हणून मी त त्यायच्या ओट्यावर चहाबी उभ्यानं पेतो." मग तो वळला. "हो सांगजा. पण आधी हे सांगजा, का मिल त्यायच्याच नावावर राहीन. आधी ते, मंग हो. उलटं नका करू."

मी म्हटलं उलटं करणार नाही.

परतीच्या वाटेत तो टेम्पो असा हाकत होता की मी दाराची कडी धरून बसले. सेलू आलं. तिथे कोपऱ्यावर त्यानं अचानक ब्रेक दाबला.

"मॅडम," तो म्हणाला, "तूर."

आम्ही हिंगणी गावातून रिकाम्या टेम्पोनं तसेच निघून आलो होतो. परत गेलो तेव्हा नारायणभाऊ रस्त्यावर कमरेवर हात ठेवून उभे होते. "हात हालवत होतो मी," ते म्हणाले. "तुमी बी हालवला." वच्छलाबाईंनी रशीदच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि आत जाऊन आम्हा दोघांसाठी पुन्हा गूळ आणला.

आर्वीला पोचल्यावर मी आपांना आधी मिलचं सांगितलं, मग हो. त्यांनी मान हलवली, आत गेल्या, आणि चहा घेऊन आल्या. तीन कप होते. एक त्यांनी ओट्यावर ठेवला आणि रशीदला म्हणाल्या, "बसून प्या."

हाजीसाहेबांच्या दिवाणखान्यात

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी गाडी होती. सकाळी आपा मला घेऊन हाजीसाहेबांकडे गेल्या. "तुमी बसजा नुसत्या," म्हणाल्या. "पाहुण्यासमोर आवाज चढत नाई त्यायचा."

भिंतीला टेकून कालपरवाच्या सत्काराच्या शाली रचल्या होत्या. खजूर आले, चहा आला. आपांनी तीन वाक्यांत सगळं सांगितलं. हाजीसाहेबांनी खजुराची बी हळूच बशीत ठेवली.

"हमीदा, शरीयतमध्ये यात काहीच हरकत नाही."

"व्हय, भाईजान."

"शरीयतमध्ये जागा आहे. पण आर्वीत नाही."

मग त्यांनी समजावलं. तो काळ वेगळा होता. त्या थोर होत्या, आपण सामान्य माणसं. थोरांचा आदर करायचा असतो, त्यांच्यासारखं वागायला निघणं म्हणजे बेअदबी. लोक काय म्हणतील. शिवाय मुलगा नोकर. शिवाय वयानं लहान. त्यांनी माझ्याकडे आधारासाठी पाहिलं. मी खजूर उचलला, कारण मला नुसतं बसायला सांगितलेलं होतं. शेवटी ते खालच्या आवाजात म्हणाले, "आणि मिलची जागा माझ्या नावावर आहे, हे तुला सांगायला नको."

आपांचा चेहरा बदलला नाही. "जागा तुमची आहे, भाईजान. यंत्रं माझी आहेत. हिंगणीले नारायणभाऊचा गोदाम रिकामा पडला. मी काल फोन केलता. ते म्हणे, या."

हाजीसाहेबांनी चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. मिल गेली की त्या जागेचं भाडंही जाणार, हे त्यांच्या कपाळावर स्पष्ट वाचता येत होतं.

तेवढ्यात आतल्या दाराचा पडदा हलला. हाजीसाहेबांच्या बेगम, ज्यांना मी चार दिवसांत फक्त चहाच्या ट्रेमागे पाहिलं होतं, त्या दारातच उभ्या राहिल्या.

"परवा मंचावर तुमी बोलले ते मीबी आयकलं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "लय चांगलं बोलले. मले वाटलं, खरंच बोलून राह्यले."

आणि त्या आत गेल्या.

मग हाजीसाहेब खाकरले. "मी नाही कुठं म्हणालो," ते म्हणाले. "मी फक्त अडचणी सांगितल्या. रमजान होऊ दे. ईदनंतर साधेपणानं करू. काझीसाहेबांशी मीच बोलतो." दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की हे मी कुठे लिहिणार तर नाही ना. मी म्हटलं, नाव बदलेन. त्यांच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसली.

पुणे

ईदनंतर आपांचा फोन आला. निकाह झाला. मिल जागेवरच आहे. भाऊसाहेब न बोलावता आले आणि हा आपल्या सभागृहाच्या संकल्पाचाच परिणाम आहे असं बोलले. रशीद अजून "तुम्ही"च म्हणतो.

आमच्या सोसायटीत गुरुवारी दुपारी काही बायका माझ्याकडे जमतात. त्यांना मी ही सगळी हकिगत सांगितली. सगळ्यांना फार आवडली. एकजण म्हणाली, त्यांच्यात चालतं हो हे. दुसरी म्हणाली, आपल्याकडेही कायद्यानं काही अडचण नाही, पण मुलांना काय वाटेल. तिसरीनं दालच्याची कृती विचारली. खदिजा थोर होत्या यावर एकमत झालं आणि सगळ्या उठल्या.

मालतीबाई मागे राहिल्या. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा परदेशात. त्या कधीच फारसं बोलत नाहीत. दारात चपला घालता घालता त्यांनी विचारलं, "तो रशीद. त्यानं लगेच हो म्हटलं?"

"लगेच नाही. आधी दोरी बांधत बसला."

"पण म्हटलं."

"म्हटलं."

त्यांनी एक चप्पल घातली होती, दुसरी हातात होती. ती त्यांनी खाली ठेवली.

"उद्या दुपारी तुम्हाला वेळ आहे का?" त्या म्हणाल्या. "समोरच्या इमारतीत जरा एकांकडे जाऊन यायचं होतं. मी नाही. तुम्ही."